सांध्यांच्या एमआरआयमधल्या हालचालीच्या रेघा: आधी नेमके काय बदलायचे?

क्षितिज

गुडघा, खांदा, मनगट यांच्या एमआरआयमध्ये हालचालीमुळे प्रतिमा बिघडली की पुष्कळ ठिकाणी एकच गोष्ट होते. माइकवरून "अजिबात हलू नका" असे सांगायचे आणि तोच सीक्वेन्स (प्रतिमांचा एक संच घेणारा स्कॅनचा टप्पा) त्याच सेटिंगवर पुन्हा लावायचा. माझ्या मते हा उपायच नाही. पेशंट आधीच अवघडून पडलेला असतो, सांधा दुखत असतो, दुसऱ्या खेपेला तो जास्तच हलणार. शिवाय हलणारी गोष्ट अनेकदा पेशंटच्या ताब्यातलीच नसते: धमनीचे ठोके, श्वास, आतड्यांची हालचाल.

म्हणून हा धागा. रेघा दिसल्या की तुम्ही आधी काय तपासता? फेजची दिशा (जिकडची माहिती ओळी-ओळीने गोळा होते ती), सॅट बँड (ठरावीक पट्ट्यातला सिग्नल दाबणे), अ‍ॅव्हरेज (तीच माहिती किती वेळा घ्यायची), प्रोपेलर (फिरत्या पट्ट्यांत माहिती घेण्याची पद्धत), पॅडिंग, यातले कुठल्या सांध्यात काय चालते आणि त्याची किंमत कशात मोजावी लागते? आकड्यांसकट लिहिलेत तर फार बरे.

अस्थिमित्र

आधी रेघा कुठल्या दिशेने पसरल्या आहेत ते बघायचं. फ्रिक्वेन्सीच्या (फेजला काटकोनातल्या) दिशेचं वाचन काही मिलिसेकंदांत उरकतं, तेवढ्यात सांधा हलून हलणार किती? फेजच्या दिशेची माहिती मात्र एकेका ओळीने, प्रत्येक टीआरला (एका उत्तेजनापासून पुढच्या उत्तेजनापर्यंतच्या वेळेला) थोडी थोडी अशी, काही मिनिटं गोळा होत असते. त्यामुळे हालचाल कुठल्याही दिशेला होवो, घोस्ट (हललेल्या भागाच्या खोट्या प्रती) पसरणार फेजच्या दिशेनेच.

ठोके किंवा श्वासासारखी ठरावीक लयीची हालचाल असेल तर ठरावीक अंतरावर वेगवेगळ्या प्रती दिसतात. पेशंटने मध्येच पाय हलवला तर सगळीकडे धूसरपणा आणि कडांना दुहेरी रेघा. एवढ्यावरून हलणारं काय आहे याचा अंदाज येतो. तो आल्याशिवाय स्कॅनला हात लावू नये.

रेणुका_एमएसके

अस्थिमित्र यांच्याशी सहमत. एक भर घालते. विंडो (प्रतिमेच्या उजेड-काळोखाची सेटिंग) उघडून शरीराबाहेरची काळी पार्श्वभूमी उजळून बघा. घोस्ट हवेतसुद्धा दिसतो, हाड-स्नायू संपले म्हणून तो थांबत नाही. हवेतल्या घोस्टची ओळ मागे धरत गेलं की ती थेट गुडघ्यामागच्या पॉप्लिटियल धमनीवर किंवा छातीच्या भिंतीवर पोचते. दहा सेकंदांचं काम आहे.

टेस्ला_तीन

गुडघ्यापासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त काम त्याचंच असतं.

सॅजिटलमध्ये (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदात) फेज पुढे-मागे ठेवली तर पॉप्लिटियल धमनीचे घोस्ट सरळ क्रुशिएट लिगामेंट (गुडघ्याच्या आतले बंध) आणि कार्टिलेजवर (कूर्चेवर) येऊन बसतात. फेज वर-खाली केली की धमनीही वर-खालीच जात असल्यामुळे तिचे घोस्ट तिच्याच अंगावर पडतात आणि सांधा मोकळा होतो. पण आता मांडी आणि पोटरी दोन्ही फील्ड ऑफ व्ह्यूच्या (टिपल्या जाणाऱ्या क्षेत्राच्या) बाहेर जातात, म्हणजे रॅप येणार, बाहेरचा भाग दुमडून प्रतिमेवर पडणार. त्यासाठी फेज ओव्हरसॅम्पलिंग (फेजच्या जास्तीच्या ओळी घेणं) हवं, आणि इथेच वेळ वाढेल म्हणून लोक मागे हटतात.

हिशोब करून बघा. टीआर ३००० मिलिसेकंद, ३२० ओळी, २ अ‍ॅव्हरेज, एको ट्रेन (एका टीआरमध्ये मिळणाऱ्या ओळी) ८: ३ × ३२० × २ ÷ ८ = २४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटं. आता १०० टक्के ओव्हरसॅम्पलिंग देऊन अ‍ॅव्हरेज २ वरून १ करा. ओळी ६४० झाल्या, अ‍ॅव्हरेज निम्मे झाले, वेळ तेवढाच, ४ मिनिटं. सिग्नलही तेवढाच, कारण जास्तीच्या ओळी अ‍ॅव्हरेजचंच काम करतात. वर पॅरलल इमेजिंग २ (निम्म्याच ओळी घेऊन बाकीची माहिती गणिताने भरणं) लावलं तर तोच सीक्वेन्स २ मिनिटांच्या आसपास येतो, सिग्नल मात्र किमान १.४ पटीने घटतो.

अ‍ॅक्शियलमध्ये (आडव्या छेदात) फेज डावी-उजवी. धमनी सांध्याच्या मागे आहे, घोस्ट मागच्या मागेच आडवे जातात, पटेलाच्या (गुडघ्याच्या वाटीच्या) कार्टिलेजला धक्का नाही.

वैदेही

आणि कोरोनल (समोरून दिसणारा उभा छेद)? तिथे काही जण वर-खाली लावतात, काही डावी-उजवी. नियम काय?

टेस्ला_तीन

@वैदेही, कोरोनलमध्ये फारसा फरक पडत नाही आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. २डी मध्ये घोस्ट आपली स्लाइस सोडून जात नाही. धमनी कॉन्डाइलच्या (मांडीच्या हाडाच्या खालच्या गोलसर टोकांच्या) मागे आहे, सांध्यामधून जाणाऱ्या कोरोनल स्लाइसमध्ये ती नसतेच. अगदी मागच्या दोन-चार स्लाइस बिघडतील. म्हणून डावी-उजवी फेज चालते, गुडघा त्या दिशेने पूर्ण मावतो आणि ओव्हरसॅम्पलिंगही कमी लागतं. दुसरा पाय मात्र पॅड घालून लांब ठेवा, नाहीतर त्याचा रॅप येतो.

३डी सीक्वेन्समध्ये हे लागू नाही. तिथे स्लाइसची दिशासुद्धा फेजनेच टिपली जाते.

मनोहर_आर

फेज बदलण्याआधी सॅट बँड का नको? धमनीवर बँड टाकला की विषय संपला.

अस्थिमित्र

@मनोहर_आर, विषय संपत नाही, कमी होतो. पायात धमनीचं रक्त वरून खाली येतं, म्हणून बँड सांध्याच्या वर लागतो. तो स्लाइसच्या गठ्ठ्याला लागूनच हवा. फार वर ठेवला तर बँड आणि पहिली स्लाइस यांच्यामधलं ताजं रक्त आत येतं आणि बँडचा उपयोग राहत नाही. ४० ते ६० मिलिमीटर जाडी पुरते. फॅटसॅट (चरबीचा सिग्नल दाबलेल्या) टीएसईमध्ये (एका टीआरमध्ये अनेक ओळी घेणाऱ्या सीक्वेन्समध्ये) हळू वाहणाऱ्या शिराही चमकतात, त्यांच्यासाठी खालून दुसरा बँड लागतो.

किंमत अशी की प्रत्येक बँड म्हणजे जास्तीचा आरएफ (रेडिओलहरींचा) पल्स. एका टीआरमध्ये कमी स्लाइस मावतात आणि ३ टेस्लावर एसएआर (शरीरात शोषली जाणारी आरएफ ऊर्जा) वाढतो. सॅजिटलला फेज वर-खाली केली असेल तर मात्र वरचा बँड दुहेरी कामाचा. रक्तही दबतं आणि मांडीचा रॅपही.

फ्लो कॉम्पेन्सेशनही आहे, पण ते एकसारख्या वेगाने वाहणाऱ्या रक्तापुरतंच दुरुस्त करतं. धमनीचा वेग ठोक्यागणिक बदलतो. शिवाय त्याच्या जास्तीच्या ग्रेडियंटमुळे किमान टीई (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) लांबतो, ते प्रोटॉन डेन्सिटीला (छोट्या टीईच्या प्रतिमेला) परवडत नाही.

सावित्री_रेडिओ

तुम्ही सगळे थेट कन्सोलवर पोचलात. निम्मं काम त्याआधी टेबलावर होतं.

गुडघा पूर्ण ताठ ठेवू नका. १० अंशांच्या आसपास वाकवून खाली पॅड दिलं की हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) सैल होतात आणि पेशंटला पाय धरून ठेवावा लागत नाही. दुसऱ्या गुडघ्याखालीही तेवढ्याच उंचीचा आधार हवा, नाहीतर कंबर तिरकी होते आणि पाचव्या मिनिटाला माणूस चुळबुळ करतो. कॉइलच्या (सांध्याभोवती बसणाऱ्या, सिग्नल टिपणाऱ्या अँटेनाच्या) आत गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना फोम भरा, पण दाबून नाही. घट्ट आवळलेला पाय सुन्न होतो आणि सुन्न झालेला पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. घोट्यावर वाळूची पिशवी ठेवली की पाऊल बाहेर पडत नाही.

थंडीने स्नायू थरथरतात, पांघरूण द्या. लघवीला आधीच जाऊन येऊ द्या. इअरप्लग आणि हेडफोन दोन्ही द्या, कारण सीक्वेन्स सुरू होतानाच्या पहिल्या ठोक्याला दचकणं अगदी स्वाभाविक आहे. आणि प्रत्येक सीक्वेन्सच्या आधी सांगा: "आता तीन मिनिटांचा आवाज आहे, संपला की मी बोलेन." मध्ये खाकरायला, खोकायला जागा मिळाली की स्कॅन चालू असताना माणूस धीर धरतो. किती वेळ बाकी आहे हे माहीत नसलं की धीर सुटतो.

मनोहर_आर

वाळूच्या पिशवीबद्दल एक सुरक्षेची नोंद. काही पिशव्यांत वाळूऐवजी लोखंडाचे छर्रे असतात. बाहेरून फरक कळत नाही, आणि चुंबकाजवळ ती पिशवी उडून पेशंटवर आदळू शकते. एमआर-सेफ असा शिक्का असलेलीच पिशवी आत न्या. वॉर्डातून आलेली तर अजिबात नाही.

रेणुका_एमएसके

मनोहर यांच्या नोंदीला जोडून: पाय स्थिर राहावेत म्हणून दोन्ही पाय किंवा अंगठे एकत्र बांधतात, विशेषतः हिपमध्ये पावलं १५ अंश आत वळवताना. बांधा, पण मध्ये पॅड ठेवा. त्वचेला त्वचा टेकली की विद्युतप्रवाहाला बंद वाट मिळते आणि टेकलेल्या जागी भाजू शकतं. मांड्या, पोटऱ्या, हाताचा तळवा आणि मांडी, सगळीकडे हेच. हातांची बोटंही गुंफू देऊ नयेत.

वैदेही

खांद्याबद्दल कोणी लिहा ना. गुडघा तरी बांधता येतो, श्वास कसा बांधणार?

सावित्री_रेडिओ

@वैदेही, श्वास बांधायचा नाही, खांद्यापासून सोडवायचा. दंड छातीला टेकला असेल किंवा पट्ट्याने छातीशी आवळला असेल तर प्रत्येक श्वासाला सांधा हलणार. पट्टा दंड आणि छाती दोघांना मिळून कधीच लावू नका. दंड आणि छाती यांच्यात पातळ पॅड, कोपराखाली आधार म्हणजे दंडाचं हाड खांद्याच्या पातळीत येतं, आणि हातावर वाळूची पिशवी. हात पोटावर ठेवला असेल तर तो आधी खाली घ्या. पोटाबरोबर हात वर-खाली होतो आणि सगळा खांदा त्याच्याबरोबर. कॉइलसुद्धा छातीवर टेकून हलत नाही ना ते बघा.

पेशंटला दीर्घ श्वास घ्यायला किंवा रोखून धरायला सांगू नका. रोखलेला श्वास सोडताना मोठा झटका बसतो. संथ, पोटाने श्वास घ्या म्हणायचं.

मनोहर_आर

हात पूर्ण बाहेर वळवलेला हवा ना? तळवा वर. सबस्कॅप्युलॅरिस (खांद्याचा पुढचा स्नायू) आणि बायसेप्सची खाच चांगली दिसते.

अस्थिमित्र

पूर्ण नको. दुखऱ्या खांद्याला टोकाचं बाह्य वळण सहन होत नाही, दोन मिनिटांत हात हळूहळू परत आत येतो. ती सरक सबंध सीक्वेन्समध्ये मुरते आणि नंतर कुठल्याच दुरुस्तीला दाद देत नाही. अंगठा छताकडे किंवा तिथून किंचित बाहेर, एवढं पुरे. आतल्या बाजूला वळलेला हात मात्र टाळाच, पुढचं कॅप्सूल (सांध्याचं आवरण) आणि सबस्कॅप्युलॅरिस गोळा होतं. ज्या स्थितीत हात आपोआप पडून राहतो आणि आत वळलेला नाही, ती स्थिती निवडा.

टेस्ला_तीन

खांद्याची फेज: अ‍ॅक्शियलला पुढे-मागे, कारण डावी-उजवी केली तर छातीचे घोस्ट थेट सांध्यावर येतात. तिरक्या कोरोनलला वर-खाली, कारण तेच, छाती आतल्या बाजूला आहे. दोन्हीकडे ओव्हरसॅम्पलिंग हवंच. छातीच्या भिंतीवर तिरका सॅट बँड टाकला तर आणखी फायदा, पण तो ग्लेनॉइडवर (खांद्याच्या खोबणीवर) चढू देऊ नका.

प्रज्ञा_के

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळीकडे प्रोपेलर लावून टाकायचा. ब्लेड, मल्टीवेन, जेट, कंपनीगणिक नाव वेगळं, तत्त्व एकच. १९९९ पासून हे तंत्र आहे, अजून किती दिवस पॅड भरत बसायचं?

टेस्ला_तीन

@प्रज्ञा_के, तंत्र उत्तम आहे, खांद्यात तर मनापासून वापरावं असं. पण ते काय करतं आणि काय नाही ते बघा. के-स्पेसच्या (प्रतिमा बनण्याआधीच्या कच्च्या माहितीच्या) मध्यातून जाणाऱ्या पट्ट्या फिरवत फिरवत माहिती घेतली जाते. प्रत्येक पट्टीत मध्याचा भाग असतो, म्हणून पट्ट्या एकमेकींशी ताडून स्लाइसच्या पातळीतलं सरकणं आणि फिरणं दुरुस्त करता येतं. सांधा त्या पातळीबाहेर गेला तर दुरुस्ती होत नाही, फार तर त्या पट्टीचं वजन कमी केलं जातं. शिवाय ही दुरुस्ती सगळं काही एकसंध, न वाकता हललं असं धरून चालते. श्वासाने छाती हलते आणि खांदा वेगळाच हलतो, तिथे ते गृहीतक अर्धंच खरं.

वेळही वाढतो, त्याच रेझोल्यूशनला साधारण दीडपट. पट्टी अरुंद असेल तर दुरुस्ती कमजोर, रुंद करायची तर एको ट्रेन लांबवावी लागते आणि प्रोटॉन डेन्सिटी धूसर होते. कमी पट्ट्यांत उरकलं तर कडांपासून तिरप्या रेघा फुटतात. आणि फेजची एकच अशी दिशा उरत नसल्यामुळे रॅप कुठूनही येऊ शकतो.

प्रज्ञा_के

पट्टीच्या रुंदीचा मुद्दा मान्य. म्हणजे टी२ (लांब टीईच्या) फॅटसॅटला लांब एको ट्रेनसह प्रोपेलर आणि मेनिस्कस-लॅब्रमच्या (गुडघ्यातल्या गादीच्या आणि खांद्याच्या खोबणीच्या कडेच्या) प्रोटॉन डेन्सिटीला साधा टीएसई, असा मेळ बरा?

टेस्ला_तीन

हो, तसाच. साध्या प्रोटॉन डेन्सिटीला एको ट्रेन ६ ते ८ च्या आसपास ठेवा आणि बँडविड्थ (सिग्नल वाचण्याचा वेग) वाढवून एकोंमधलं अंतर कमी करा.

रेणुका_एमएसके

वाचणाऱ्याच्या बाजूने एक इशारा. मेनिस्कसमध्ये दिसणारी बारीक रेघ फाटल्याची, घोस्टची किंवा ट्रंकेशनचीही (ओळी अपुऱ्या पडल्याने उमटणारी) असू शकते. ट्रंकेशनच्या रेघा तीव्र कडेला समांतर असतात आणि कडेपासून लांब जाताना विरत जातात. फेजच्या ओळी कमी, म्हणजे १२८ किंवा १९२ असतील तर ही भीती जास्त. घोस्टची रेघ विरत नाही आणि मेनिस्कसची सीमा ओलांडून पुढे जाते. शंका असेल तर फेज आणि फ्रिक्वेन्सी अदलाबदल करून तोच छेद पुन्हा घ्या. रेघ जागा बदलते किंवा नाहीशी होते का ते बघा. खरी फट जागा सोडत नाही.

वैदेही

आणि घोट्यात पेरोनियल टेंडन (घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरा) पांढरे दिसतात, ते?

रेणुका_एमएसके

त्याचा हालचालीशी संबंध नाही. टेंडन मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या जवळपास आला की छोट्या टीईला उजळतो. पाऊल २० अंश खाली झुकवून ठेवलं तर हा परिणाम कमी होतो, आणि तसं पाऊल आरामातही राहतं म्हणून हलत नाही.

क्षितिज

मनगटाबद्दल विचारायचे आहे. पालथे झोपवून हात डोक्यावर ताणला तर मनगट चुंबकाच्या मधोमध येते, पण खांदा भरून येतो आणि हात थरथरतो. बाजूला ठेवला तर फॅटसॅट बिघडतो. काय निवडावे?

सावित्री_रेडिओ

मनगटाला ८-१० सेंटिमीटरचं फील्ड ऑफ व्ह्यू, पिक्सेल ०.३ मिलिमीटरच्या आसपास. तिथे बोटाची सूक्ष्म थरथरही दिसते. तरुण, लवचिक खांदा असेल तर हात वर. पण छातीखाली पातळ उशी, कोपर किंचित वाकवलेलं, काखेखाली आधार, आणि एकूण वेळ १५ मिनिटांच्या आत. नाहीतर हात बाजूलाच. पेशंटला टेबलावर विरुद्ध बाजूला जमेल तेवढं सरकवा म्हणजे मनगट मध्याच्या जवळ येईल. बोटंही आधाराला टेकलेली हवीत, अधांतरी नको.

अस्थिमित्र

आणि बाजूला ठेवल्यावर केमिकल फॅटसॅटचा आग्रह धरू नका. मध्यापासून लांब क्षेत्र एकसारखं नसतं. डिक्सन किंवा एसटीआयआर (चरबी दाबण्याच्या दुसऱ्या पद्धती) वापरा. स्थिर पेशंटची डिक्सन प्रतिमा थरथरत्या पेशंटच्या उत्तम फॅटसॅटपेक्षा केव्हाही वाचण्याजोगी.

मनोहर_आर

हिप राहिलं. अ‍ॅक्शियलला फेज डावी-उजवी, म्हणजे पोटाच्या भिंतीचे आणि फेमोरल धमनीचे घोस्ट फेमोरल हेडवरून (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्यावरून) मागे जात नाहीत. एकाच हिपचं छोटं फील्ड घेत असाल तर ओव्हरसॅम्पलिंग भरपूर लागतं, कारण दुसरी बाजू पूर्ण बाहेर आहे. कोरोनलला वर-खाली, म्हणजे मूत्राशय आणि आतडी मधल्या मध्येच राहतात. पोटाच्या पुढच्या भिंतीवर सॅट बँड. आतड्यांची हालचाल थांबवायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड देतात, पण नुसत्या हिपला त्याची गरज क्वचितच पडते. काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार, हृदयाचे वेगवान अनियमित ठोके, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेल्यांना ते चालत नाही, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच.

प्रज्ञा_के

जबड्याचा सांधा आणि स्टर्नोक्लॅव्हिक्युलरही (छातीचं मधलं हाड आणि गळ्याजवळचं हाड यांचा सांधा) यादीत घ्या. जबड्यात गिळणं हा मुख्य शत्रू. तोंड उघडं ठेवण्यासाठी बाइट ब्लॉक द्या, नुसतं "उघडं धरा" म्हटलं तर जबडा हळूहळू मिटतो. स्टर्नोक्लॅव्हिक्युलरला पेशंट पालथा झोपवला की छातीची पुढची भिंत वजनाने दबून राहते आणि श्वासाची हालचाल बरीच घटते.

वेळ कमी करण्याबद्दल: डीप लर्निंग रिकन्स्ट्रक्शनने (शिकवलेल्या संगणकाने कमी माहितीतून प्रतिमा बांधण्याने) गुडघ्याचे सीक्वेन्स खूप आखूड करता येतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या फास्टएमआरआय प्रकल्पाने गुडघ्याचाच कच्चा डेटा खुला केला, तेव्हापासून या क्षेत्राला वेग आला. आखूड सीक्वेन्समध्ये हलायला वेळच कमी मिळतो.

रेणुका_एमएसके

मात्र बहुतेक ठिकाणी ती पद्धत नॉइज आणि कमी ओळींची भरपाई करते, हालचाल दुरुस्त करत नाही. नॉइज पुसला गेला की उरलेला घोस्ट जास्त रेखीव दिसतो आणि शरीररचनेसारखा वाटू लागतो. म्हणून अशा प्रतिमांत हवेची पार्श्वभूमी तपासणं आणखी गरजेचं.

क्षितिज

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो: सीक्वेन्स बिघडलाच, तर तो पुन्हा घ्यायचा की सोडायचा, हे कसे ठरवता?

अस्थिमित्र

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय विचारलंय ते बघून. एसीएलचा (पुढच्या क्रुशिएट लिगामेंटचा) प्रश्न असेल, तो नीट दिसत असेल आणि घोस्ट सांध्याच्या मागे असेल, तर सोडून द्या. विचारलेली रचना दुसऱ्या प्लेनमध्ये स्वच्छ असेल तरीही बहुधा सोडता येतं. पुन्हा घ्यायचंच ठरलं तर एक तरी गोष्ट बदलून घ्या. ठोके असतील तर फेज किंवा बँड. श्वास असेल तर आत जाऊन पॅड. चुळबुळ असेल तर अ‍ॅव्हरेज २ वरून १, पॅरलल इमेजिंग २, थोडा सिग्नल गेला तरी चालेल.

चुळबुळ्या पेशंटला ३डी लावू नका. २डी मध्ये स्लाइस एकाहून जास्त गटांत घेतल्या असतील तर एका झटक्याने एक गट बिघडतो, ३डी मध्ये पाच मिनिटांचा सबंध ठोकळा जातो. आणि सर्वात महत्त्वाचा सीक्वेन्स पहिला घ्या, शेवटच्यासाठी राखून ठेवू नका.

सावित्री_रेडिओ

आणि प्रत्येक सीक्वेन्स संपल्यावर लगेच प्रतिमा चाळा. पेशंट उठून गेल्यावर कळून उपयोग नाही.

टेस्ला_तीन

एक राहिलंच. पेशंट हलून नव्या जागी स्थिरावला असेल तर पुढचा सीक्वेन्स तसाच लावू नका. लोकलायझर (छेद कुठे घ्यायचे ते ठरवणारा सुरुवातीचा छोटा स्कॅन) पुन्हा घ्या. ज्या मशीनवर पॅरलल इमेजिंगचा रेफरन्स स्कॅन वेगळा घेतला जातो, तिथे तोही पुन्हा घ्या. कॉइलचा जुना नकाशा आणि नवी जागा जुळली नाही तर प्रतिमेच्या मधोमध दुमडलेल्या कडा उमटतात. त्या हालचालीच्या घोस्टसारख्याच दिसतात, पण पेशंट त्या वेळी अगदी स्थिर असतो.